मेघवती कुठवर आली

तलवाडा, ता. गेवराई
२५ मार्च १९७३

प्रिय सिंधू,
जय भीम.

वसतिगृह सोडल्यापासून तुला लिहिलेली पत्रे मैत्रीण म्हणून होती. हे पहिले पत्र तुला नणंद समजून. अजून लग्न झालेले नाही, तेव्हा 'होणारी नणंद' असे वाचावे. जे झाले नाही ते झाले म्हणून लिहिणे मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे.

यंदा दुष्काळामुळे कोणाच्याच घरी लग्न उरकण्याइतके पाणी नाही. म्हणून आमच्या मजूर सहकारी सोसायटीने ठरवले आहे की आपल्या समाजाची सात लग्ने वैशाख पौर्णिमेला, म्हणजे सतरा मे रोजी, एकाच मांडवात लावायची. त्या दिवसापुरता एक टँकर मंजूर झाला आहे, तोही सात जोडप्यांच्या हिशेबाने. चेअरमन आश्रुबाकाकांनी यादीत माझे आणि तुझ्या भावाचे नाव घातले आहे. आबा म्हणतात, पौर्णिमेला अजून पुष्कळ अवकाश आहे. मला तसे वाटत नाही. नवरदेव अमेरिकेत आहे.

म्हणजे नवरदेव मेघवती जहाजावर आहे आणि जहाज अमेरिकेला गेले आहे, एवढेच मला कळले आहे. पौर्णिमा चुकली तर जहाज पुन्हा निघून जाईल, आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही. आपल्यात पंचांग बघत नाहीत याचा मला इतके दिवस अभिमान होता. आता जहाजाचे पंचांग कोठे मिळते ते शोधत आहे.

तू जहाजांच्या एजंटाच्या कचेरीत टायपिस्ट आहेस. मेघवती कोठे आहे आणि केव्हा येईल ते कळव. कचेरीच्या नियमात बसत असेल तरच कळव.

आणखी एक. बघण्याच्या दिवशी मी चहा देताना कपबशीकडे पाहत होते. त्यामुळे त्यांचे हात मला ओळखता येतील, चेहऱ्याची खात्री नाही. हे कोणाला सांगू नकोस.

तुझी,
मंजुळा


मुंबई
१ एप्रिल १९७३

होणाऱ्या वहिनीबाई,

तुझ्या पत्रात जहाजाचं नाव आहे, आश्रुबाकाकांचं आहे, माझ्या भावाचं एकदाही नाही. तो शहादेव. नाव घेतल्यानं जहाज बुडत नाही.

आता ऐक. मेघवती वीस मार्चला टेक्सासच्या बंदरातून निघाली. पोटात मिलो ज्वारी आहे. तोच लाल मिलो, ज्याच्या भाकरी थापताना तुम्ही अमेरिकेला शिव्या घालता. नवरदेव मोकळ्या हातानं येत नाही, सगळ्या जिल्ह्याचं रेशन घेऊन येतोय, असं गावात सांग. सुएझचा कालवा सदुसष्टच्या लढाईपासून बंद आहे, म्हणून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालावा लागतो. मध्ये मॉरिशसला तेलपाणी घेतील. तिथून निघाल्याची तार कचेरीत आली की तुला लगेच लिहीन. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी माणसं आहेत म्हणे, तेव्हा दादा तिथं चुकून सासर करील ही काळजी तेवढी कर.

कधी पोचेल हे विचारू नकोस. मुंबईबाहेर जहाजं नांगर टाकून धक्क्यावर जागा मिळायची वाट बघत उभी असतात. आमचे साहेब म्हणतात, धक्क्याला लागेपर्यंत जहाज आणि दारात येईपर्यंत जावई, यांच्याबद्दल बोलू नये.

तुझीच,
सिंधू


तलवाडा
१२ एप्रिल १९७३

प्रिय सिंधू,

तुझे पत्र मी कोणाला दाखवणार नव्हते. पण मी आता दुष्काळी कामावर हजेरी मांडते आणि पत्र तिथेच आले. खडी फोडणाऱ्या भिवराबाईंनी पोस्टमनच्या हातातून घेतले, उलटे धरून पाहिले आणि मोठ्याने वाच म्हणाल्या. मी सासरविषयीचे वाक्य सोडून बाकीचे वाचले. तेव्हापासून नालाबांधावर दुसरा विषय नाही.

बायकांना आफ्रिका कोठे आहे ते दाखवावे लागले. खडी फोडतो तिथे एक सपाट कातळ आहे, त्यावर मी शाळेच्या नकाशावरून चुन्याने आफ्रिका काढली. भिवराबाई म्हणाल्या, हे तर बैलाचं मुंडकं हाय. मग अमेरिका काढली, हिंदुस्थान काढला, आणि मुंबईपासून बोटभर अंतरावर तलवाडा काढला. तलवाडा इतका मोठा नसतो हे मी सांगितले, पण तो आफ्रिकेहून लहान काढायला कोणी तयार नव्हते. मेघवती म्हणून खडीचा एक काळा तुकडा ठेवला आहे.

अडचण अशी की तार आल्याशिवाय तुकडा पुढे सरकवणे मला पटत नाही. बायकांना ते मान्य नाही. सुट्टी झाली की भिवराबाई घरी जाताना त्याला पायाने एक ढकला देतात. 'जाऊ दे की बिचारी पुढं,' म्हणतात, 'तुझ्या कागदावाचून अडलीय व्हय?' दुसऱ्या दिवशी मी तो मागे आणते. काल एक शेळी आफ्रिकेवर बसली होती. तिला उठवताना सगळ्या जणी मलाच विचारत होत्या की वाट मोकळी झाली का.

रस्त्यात कोणीही भेटले तरी 'मेघवती कुठवर आली?' असे विचारतात आणि माझ्या तोंडाकडे बघून हसतात. मला कळते की ते जहाजाविषयी विचारत नाहीत.

जहाजाचा वेग आणि अंतर कळव. गणित मी स्वतः करीन.

तुझी,
मंजुळा


मुंबई
२८ एप्रिल १९७३

मंजुळे,

तार आली. मेघवतीनं काल, सत्तावीसला सकाळी मॉरिशस सोडलं. तिथून मुंबई अडीच हजार सागरी मैल. जहाज जुनं आहे आणि गळ्यापर्यंत भरलेलं आहे, तेव्हा ताशी बारा मैल धर. गणितात तू पहिली होतीस आणि मी तुझ्या वहीत बघून पास झाले, म्हणून उत्तर मी काढत नाही.

धक्क्याचं मात्र अजून कोणी सांगत नाही. दादा उतरला की कळवीन. तोवर भिवराबाईंना माझा जय भीम सांग आणि त्यांचा पाय सांभाळायला सांग.

सिंधू


तलवाडा
३ मे १९७३

प्रिय सिंधू,

गणित झाले. तीन वेळा करून पाहिले.

अडीच हजार भागिले बारा, म्हणजे दोनशे आठ तास. आता दिवसाला किती तास धरायचे हे मला माहीत नव्हते. आमच्या घरात लांबच्या प्रवासाचे ज्ञान फक्त आबांना आहे. ते पंधरा हंगाम ऊसतोडीला बैलगाडी घेऊन कारखान्याला गेले आहेत आणि सांगितलेला दिवस त्यांनी एकदाही चुकवलेला नाही. त्यांना विचारले. ते म्हणाले, 'तांबडं फुटल्यावर जुंपायचं, दुपारी सावली धरायची, दिवस मावळला की सोडायचं. धा तास धर. त्याच्या वर धरलंस तर जनावर मरतं.' मी म्हटले, जहाजाला जनावर नसते. त्यावर ते म्हणाले, 'मानसं तर हायेत? आन रातच्याला एवढ्या पान्यात वाट कशी दिसायची?' हे मला पटले. कामावर विचारले तर तिथेही सगळ्यांचे तेच मत पडले. भिवराबाई फक्त म्हणाल्या की मुक्कामाला पाण्यात चूल कशी मांडतात ते नवरदेव आल्यावर विचारायचे.

दहा तासांनी एकवीस दिवस होतात. सत्तावीस एप्रिलपासून एकवीस दिवस म्हणजे अठरा मे.

सिंधू, एका दिवसाने हुकते.

एखादा दिवस मला मागेपुढे करता आला असता, पण तसे केले तर ते गणित राहत नाही. आणि यादीबाहेर केसर आहे. तिचे लग्न माझ्या आधी ठरलेले, पण तिच्या घरच्यांनी नाव उशिरा दिले आणि सात भरले. मला येणार नाही हे माहीत असताना जागा अडवून बसणे हे काही बरोबर नाही. मी काल आश्रुबाकाकांकडे जाऊन माझे नाव माझ्या हाताने खोडले आणि तिचे लिहिले. काका म्हणाले, 'पोरी, घाई कावून करतीस?' मी त्यांना गणित दाखवले. माझे गणित दाखवले की इथे सगळे गप्प होतात. मी आमच्या घरात पहिलीच शिकलेली आहे, त्यामुळे माझी चूक दाखवणारे कोणी नाही.

तुझ्या भावाला माझा जय भीम कळव. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचे की नाही हे त्यांनी ठरवावे. आईशी मी दोन दिवस बोललेले नाही, कारण ती बोलली तर मी रडेन.

तुझी,
मंजुळा


मुंबई
७ मे १९७३

अगं वेडे, अगं माझ्या पहिल्या नंबरच्या वेडे,

तुझं पत्र मी कचेरीत उघडलं आणि इतकी हसले की साहेबांनी पाणी मागवलं. मग शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा साहेबांनी पंखा लावला.

जहाज रात्री थांबत नाही. जहाज कुठंच थांबत नाही. त्याला वैरण नको, सावली नको, आणि भर समुद्रात सोडायचं म्हटलं तर बांधायचं कशाला? दिवसरात्र चोवीस तास चालतं. तुझे दोनशे आठ तास बरोबर आहेत, त्यात चूक नाही. चोवीसनं भाग.

राहू दे, तू भागायच्या आधी मीच सांगते. मेघवती काल आली. धान्याची जहाजं आधी घ्यायचा हुकूम आहे, त्यामुळे संध्याकाळी धक्क्यालाही लागली. दादा आत्ता माझ्यासमोर बसून तुझं पत्र वाचतोय. त्याला देऊ नये हे मला कळतं, पण त्यानं ओढून घेतलं. 'वाट कशी दिसायची' इथं तो हसला. 'एका दिवसाने हुकते' इथं हसला नाही. आता पुन्हा पहिल्यापासून वाचतोय.

पंधरवड्याची रजा आहे. पळत जा आणि नाव परत घाल.

सिंधू


तलवाडा
११ मे १९७३

प्रिय सिंधू,

तुझे पत्र आले आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, आयुष्यात पहिल्यांदा गणित चुकल्याचा इतका आनंद झाला की मी हजेरीत चौघींना दोनदा मांडले आणि नंतर खोडले. दुसरी, आनंद ओसरल्यावर आठवले की जागा गेली.

कातळावर जाऊन पाहिले तर काळा तुकडा मुंबईच्याही पुढे, तलवाड्यात येऊन पडला होता. मी यादीतून नाव काढल्यापासून तो मागे आणायचे सोडून दिले होते. भिवराबाईंना पत्र वाचून दाखवले तेव्हा त्या आपल्या पायाकडे बघून म्हणाल्या, 'बघ, ह्याला शाळा लागत न्हाई.'

आबांना सांगितले. त्यांनी बोटांवर तास पुन्हा मोजले. मग म्हणाले, 'बैलाबिगर चालतं ते रातचंबी चालत असंल. मला कुठं ठावं.' त्यांना वाईट वाटले आहे. माझ्यासाठी नाही, दहा तास सांगितल्याबद्दल.

नाव परत घालायला मी जाणार नाही. केसरच्या घरून पत्रे टाकून झाली, तिच्या मामांना निरोप गेला, तिने हिरवा चुडा भरला. जागा दिली ती मीच दिली. आता माझे जहाज लवकर आले म्हणून तिला उठ म्हणायचे हे माझ्याने होणार नाही. माझे चुकले ते गणित. नाव देणे चुकले नव्हते.

तुझ्या भावाला सांग की यायची तसदी घेऊ नये. म्हणजे, यावे असे वाटते, पण लग्नासाठी येऊ नये. हे वाक्य नीट झालेले नाही. तू समजून घे.

तुझी,
मंजुळा


मुंबई
१४ मे १९७३

मंजुळे,

तुझं न यायचं पत्र आज आलं. दादा काल रात्रीच्या गाडीनं निघाला. आईबाबा उद्या निघतात. तुझा निरोप त्याला मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी त्यानं तो चोवीसनं भागला असता.

मला रजा नाही. आणखी तीन धान्याची जहाजं आली आहेत आणि टायपिस्ट मी एकटी. तेव्हा जे होईल ते सगळं लिही. एक गोष्ट गाळू नकोस. तू खोटं लिहिणार नाहीस म्हणूनच तुला सांगते, नाहीतर आईला सांगितलं असतं.

सिंधू


तलवाडा
२० मे १९७३

प्रिय सिंधू,

क्रमाने लिहिते.

चौदा तारखेला दुपारी आम्ही बांधावर भाकरी खात होतो. एस. टी. स्टँडाच्या बाजूने एक माणूस ट्रंक खांद्यावर घेऊन आला आणि थेट कातळापाशी थांबला. खाली बसला आणि बोटाने चुना चाचपू लागला. चेहऱ्यावरून मला खात्री नव्हती. पण नखांच्या कडेला तेल बसलेले ते हात मी ओळखले, आणि माझी भाकरी हातातच राहिली.

'मॉरिशस कुणी पुसला?' त्यांनी विचारले.

'मी न्हाई,' भिवराबाई म्हणाल्या, 'माझ्या पायानं.'

मग त्यांनी मॉरिशस पुन्हा काढला. बायकांनी त्यांना घेरून जे विचारायचे ते सगळे विचारले. चूल कोठे मांडतात तेही विचारले. माझ्याशी ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही, पण ते आफ्रिकेच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला, अशा आम्ही पुष्कळ वेळ उभ्या होतो. (आम्ही 'उभे' होतो. घाईत लिहिते आहे.)

संध्याकाळी आबांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. 'रातचं थांबत न्हाई म्हनतेत, खरं हाय का?'

'खरं हाय, मामा. रात्री बारा ते चार इंजनावर माझीच पाळी असती.'

आबा विचारात पडले. 'मग झोपता कवा?'

'चार वाजल्यावर. तवा दुसरा जागा असतो.'

आबांनी मान हलवली. चांगल्या गाडीवानाला ते जशी मान हलवतात तशीच हलवली. दहा तासांचे दुःख तिथे संपले असे मला वाटते.

पंधराला आठव्या लग्नासाठी सोसायटीची बैठक झाली. मी जाणार नव्हते, आईने नेले. तुझे भाऊ म्हणाले की चहूकडे समुद्र असला तरी जहाजावर गोडे पाणी मापूनच मिळते, आणि त्यांना एका तांब्यात आंघोळ करता येते. आश्रुबाकाका म्हणाले, 'तुमचं भागंल. पन पानी सात जोडप्यांचं हाय. आठव्या नवरीच्या हळदीचं कुठून आनू?' मी उठून सांगणार होते की त्यांचे बरोबर आहे. माझ्या आधी केसर उठली. नवरी मुलगी बैठकीत बोलत नाही, त्यामुळे सगळे तिच्याकडे बघू लागले.

'काका, मंजुळाक्कानं जागा दिली तवा तिनं काय मोजलं न्हाई. माझ्या वाट्याचं अर्धं पानी तिचं. आमी दोघी एकाच घंगाळात नाहतो.'

मग भिवराबाई म्हणाल्या, 'नवरेबी एकाच घंगाळात घाला, न्हाईतर भांडतील.' यावर आश्रुबाकाकाच आधी हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता आले नाही.

तर सिंधू, मी आणि केसर पाठीला पाठ लावून एकाच घंगाळाच्या पाण्याने नाहलो. एक तांब्या तिच्यावर, एक माझ्यावर. तिला गुदगुल्या होतात, त्यामुळे एक तांब्या वाया गेला. खाली परात ठेवली होती. त्यातले हळदीचे पाणी आईने मांडवाच्या दारातल्या लिंबाला घातले. मग आठ जोडप्यांनी एकत्र त्रिशरण पंचशील म्हटले. फुले कमी होती, म्हणून हार बारीक होते.

जेवणात मिलोच्या भाकरी होत्या. भिवराबाई सगळ्यांना सांगत होत्या की नवरदेवाने आणलेला मिलो आहे म्हणून आज गोड लागतो. मी त्यांना म्हटले की हा मागच्या जहाजाचा असणार, मेघवतीचा अजून मुंबईबाहेर पडला नसेल. आई म्हणाली, आजच्या दिवस तरी गप बस.

शेवटी बायकांनी नाव घ्यायला अडवले. मी तयारी केली नव्हती. कसे सुचले ते माहीत नाही:

दिवस मोजले, रात्र विसरले, मुक्काम धरला खोटा,
शहादेवरावांची मेघवती आली, हिशेब पडला छोटा.

एवढे हसू झाले की टँकरचा ड्रायव्हर काय झाले म्हणून बघायला आला. तू म्हणत होतीस ते खरे आहे. नाव घेतले आणि काही बुडाले नाही.

तुझी वहिनी (आता वाचावे तसेच आहे),
मंजुळा


तलवाडा
१० जून १९७३

मेघवतीवरील इंजिनाचे तेलवाले शहादेव ज्ञानोबा यांस, मार्फत जहाजाचे एजंट, मॉरिशस.

मायना काय लिहावा हे आईला विचारले तर ती हसत बसली, म्हणून पाकिटावरचा पत्ताच आतही लिहिला आहे. हे पत्र मिळेल तेव्हा तुम्ही तिथे असाल की पुढे गेला असाल, हे मी मुद्दाम मोजलेले नाही. सिंधू म्हणते, पत्र एजंटकडे थांबते. ते थांबले तरी चालेल.

कातळावरचा चुना पुन्हा दिला आहे. तुकडा आता मीच रोज सरकवते, तार आली नसली तरी. येताना भिवराबाईंनी ढकलला होता, जाताना मात्र त्या त्याला पाय लावत नाहीत. 'जायची घाई आपल्याला न्हाई,' म्हणतात.

एक गोष्ट तुमच्यासमोर बोलायची राहिली. मेघवती येत होती त्या दिवसांत मला काळजीने झोप लागत नसे. अंथरुणावर पडून वाटायचे की आता ती कोठेतरी थांबली असेल, ही आणखी एक रात्र फुकट गेली. ज्या रात्री मी हिशेबातून सोडून दिल्या, त्याच रात्री तुम्ही इंजिनापाशी जागे होता आणि इकडेच येत होता. हे मला ठाऊक असते तर मी तेव्हाच झोपले असते.

आबांना आता गाडीपेक्षा जहाजाचे जास्त कळते असे ते धरून चालतात. काल अंगणात आडवे होता होता त्यांनी विचारले, 'आता तिकडं चालूच असंल न्हाई?'

मी म्हटले, हो.

'आन परत येताना?'

'तेव्हाही चालूच असेल, आबा. रात्रीसुद्धा.'

'मग लई लांब न्हाई,' ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

तुमची,
मंजुळा